वाचकांचे प्रश्न : यूव्ही दिवा आणि माशांचे आरोग्य

प्रश्न : माझ्याकडे सुमारे १०० लिटरची टाकी असून तीत मॉली, टेट्रा आणि काही कोरिडोरास आहेत. नवे मासे आणले की काही दिवसांत अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. औषधाने ते जातात आणि पुढच्या खेपेला पुन्हा येतात. यूव्ही स्टरिलायझर (पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवून जंतू मारणारे उपकरण) बसवल्यास औषधांची आणि पाणी बदलण्याची गरजच उरणार नाही, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का? त्या दिव्याने फिल्टरमधील उपयुक्त जीवाणूही मरतील, अशी शंका वाटते.

उत्तर : आपल्याला देण्यात आलेले आश्वासन फार मोठे आहे. उपकरण उपयोगी आहे, पण त्याचे काम मर्यादित आहे. त्यातील दिवा प्रामुख्याने २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडतो. हे किरण सूक्ष्मजीवांच्या डीएनएमध्ये असे बिघाड घडवतात की त्यांची वाढ आणि विभाजन थांबते. मात्र ही क्रिया फक्त उपकरणाच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यातच होते. जे नळीपर्यंत पोहोचत नाही, त्याला दिवा काहीही करू शकत नाही. आपल्या शंकेचे उत्तरही यातच आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू मुख्यतः फिल्टरचा स्पंज, रेती आणि दगड यांना चिकटून राहतात, त्यामुळे ते सुरक्षित राहतात.

हाच नियम रोगजंतूंनाही लागू पडतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या बाबतीत तो नीट समजून घ्यावा लागतो. हा रोग इक्थिओफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली दडलेला, पोसला जात असलेला परजीवी असून तेथे त्याच्यावर ना किरणांचा परिणाम होतो, ना बहुतेक औषधांचा. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडून तळाशी किंवा वनस्पतींवर चिकटतो, स्वतःभोवती आवरण तयार करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले सोडतो. पाण्यात पोहत नवा मासा शोधणारी ही पिल्ले एवढीच काय ती यूव्हीच्या तावडीत सापडणारी अवस्था. मासा मिळाला नाही तर ती साधारण एक-दोन दिवसांत मरतात, पण भरलेल्या टाकीत मासा मिळायला इतका वेळ लागत नाही.

म्हणजे पिल्लू आधी माशापर्यंत पोहोचते की नळीत पाणी ढकलणाऱ्या पंपापर्यंत, यावर सारे अवलंबून आहे. येथे एक हिशेब उपयोगी पडेल. पंपाने तासाभरात टाकीच्या आकारमानाइतके, म्हणजे आपल्या बाबतीत १०० लिटर पाणी फिरवले, तरी सर्व पाणी दिव्याखालून गेले असे होत नाही. फिरून आलेले पाणी उरलेल्या पाण्यात मिसळत राहते, त्यामुळे तासाअखेर सुमारे ३७ टक्के पाणी एकदाही नळीतून गेलेले नसते. मग प्रवाह वाढवावा, तर पाणी दिव्याजवळून इतक्या वेगाने निघून जाते की किरणांची मात्रा अपुरी पडते. जीवाणूंना पुरणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट मात्रा या परजीवीला लागते. म्हणून खोक्यावरचे वॅट पाहून उपकरण निवडण्यापेक्षा, परजीवींसाठी उत्पादकाने कोणता प्रवाह सांगितला आहे ते पाहावे. तो आकडा शेवाळासाठी दिलेल्या प्रवाहापेक्षा बराच कमी असतो.

यूव्हीने रोगाचा जोर कमी होऊ शकतो, पण एका माशाकडून दुसऱ्याकडे होणारा संसर्ग पूर्णपणे थांबत नाही आणि आजारी मासा बरा होत नाही. अमोनिया आणि नायट्रेटही त्याने कमी होत नाहीत, तेव्हा पाणी बदलणे चुकणार नाही. आपल्या टाकीत रोग दरवेळी नव्या माशांबरोबरच येत आहे, हे आपणच लिहिले आहे. त्यामुळे माझ्या मते पहिला खर्च वेगळ्या छोट्या टाकीवर व्हावा. नवे मासे तेथे तीन-चार आठवडे ठेवावेत आणि त्या टाकीची जाळी व नळ्या मुख्य टाकीसाठी वापरू नयेत. यूव्ही त्यानंतर घेतला तरी चालेल. औषध चालू असताना मात्र दिवा बंद ठेवावा, कारण अतिनील किरणांनी काही औषधांचे विघटन होते. वनस्पतींसाठी दिलेल्या लोहयुक्त खताचेही तेच होते.

प्रश्न : हिरवे झालेले पाणी यूव्हीमुळे काही दिवसांत निवळले, पण काचेवरचे शेवाळ तसेच आहे. दिवा दोन वर्षे अखंड चालू असून अजूनही निळा दिसतो. तो बदलावा का?

उत्तर : पाणी हिरवे करणारे शेवाळ तरंगते असल्याने नळीतून जाते, काचेवरचे जात नाही. ते खरवडून काढावे आणि टाकीचा प्रकाश व खाद्य कमी करावे. मेलेले तरंगते शेवाळ पाण्यातच कुजते, म्हणून निवळल्यावर स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा आणि थोडे पाणी बदलावे.

दिवा मात्र बदलावा. निळा उजेड हा जंतुनाशक किरणांचा पुरावा नव्हे. ते किरण डोळ्यांना दिसतच नाहीत आणि उजेड टिकून असतानाही त्यांची तीव्रता घटत जाते. अशा बहुतेक दिव्यांचे उपयुक्त आयुष्य ८ ते ९ हजार तास, म्हणजे अखंड वापरात सुमारे एक वर्ष मानले जाते. दिवा बदलताना त्याभोवतीची क्वार्ट्झची नळीही पाहावी. कठीण पाण्यात तिच्यावर क्षारांचा पांढुरका थर बसतो आणि नवा दिवाही त्यामागे निष्प्रभ ठरतो. पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ कापडाने पुसल्यास थर निघतो. हे सर्व वीजजोडणी काढूनच करावे. उघडा दिवा कधीही लावून पाहू नये, कारण हे किरण डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात. जुन्या दिव्यात पारा असतो, तेव्हा तो न फोडता घातक कचऱ्याच्या संकलनात द्यावा.