'स्टार ट्रेक २: द रॅथ ऑफ खान'मधला पेटणारा ग्रह १९८२ साली कसा दाखवला?

ते मॉडेलही नाही आणि खरी आगही नाही. चित्रपटाच्या कथेत निर्जीव ग्रहावर जीवसृष्टी उभी करणारा 'जेनेसिस' प्रकल्प आहे; त्याच्या सादरीकरणातला तो साधारण मिनिटभराचा तुकडा पूर्णपणे संगणकावर केला होता. काम लुकासफिल्मच्या कॉम्प्युटर विभागाचं. पुढे १९८६ मध्ये याच विभागातून पिक्सार ही ॲनिमेशन कंपनी उभी राहिली.

आग विल्यम रीव्ह्ज यांच्या 'पार्टिकल सिस्टिम'ची. आघाताच्या बिंदूपासून वर्तुळाकार पसरत जाणारे कणांचे गट तयार होतात. प्रत्येक कणाला थोडा वेगळा वेग, दिशा, रंग आणि आयुष्य. आयुष्य संपलं की कण काढून टाकायचा. खरी गंमत रंगात आहे. प्रत्येक कण मुख्यतः लाल, त्यात थोडा हिरवा आणि किंचित निळा. एकावर एक आलेल्या कणांचा प्रकाश बेरजेने वाढतो, म्हणून दाट भाग आपोआप पिवळा-पांढरा होतो आणि कडा लालच राहतात. कण नुसते ठिपके म्हणून काढले तर हालचाल तुटक दिसते. त्यामुळे फ्रेमच्या वेळात कण जितका सरकला तेवढी छोटी रेघ ओढली.

डोंगर लॉरेन कार्पेंटर यांनी फ्रॅक्टल पद्धतीने केले, म्हणजे मोठ्या आकारात तसेच लहान-लहान खडबडीत आकार पुन्हा पुन्हा भरत. तिथे एक घोळ झाला: कॅमेऱ्याचा मार्ग थेट एका डोंगरातून जात होता. मार्ग बदलण्याऐवजी त्यांनी डोंगरातच खिंड पाडली. नीट बघा, ती ऐन वेळी उघडल्यासारखी वाटते.

पार्श्वभूमीचे तारेही खऱ्या तारका-सूचीवरून मांडलेले आहेत. हाच तुकडा पुढच्या दोन्ही भागांत पुन्हा वापरला.