क्लेम ऑडिट: बंद नको, पण केसनिहाय बोला

तालुक्याच्या गावी तुमचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नोंदलेलं. वर्ष उलटल्यावर ऑडिट आलं, थोडे केसपेपर चाळले, त्यातल्या त्रुटींची टक्केवारी काढली आणि तीच सगळ्या क्लेमना लावून वसुलीची नोटीस पाठवली. असलं ऑडिट बंदच का करू नये, असा तुमचा प्रश्न. त्यावर एकांनी लिहिलंय की डॉक्टर चोरच असतात, वसूल झालंच पाहिजे. मी बरीच वर्षं टीपीएत, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीत, क्लेम तपासायचो, आता एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बसून तशाच क्वेरींना उत्तरं देतो. शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या आहेत. दोघांचंही मला पटलेलं नाही.

ऑडिट बंद करा म्हणणाऱ्यांनी आयुष्मान भारतवरचा कॅगचा (देशाच्या महालेखापरीक्षकांचा) २०२३चा अहवाल बघावा. जवळजवळ साडेसात लाख लाभार्थ्यांचा मोबाइल नंबर एकच, ९९९९९९९९९९. यावर सरकारचा खुलासा होता की पडताळणीत मोबाइल नंबर वापरलाच जात नाही. ठीक आहे, धरू तसं. पण त्याच अहवालात ३,४४६ रुग्ण असे आहेत जे सिस्टीममध्ये आधीच मृत दाखवले होते, तरीही त्यांच्या नावावर पुढे ६.९७ कोटी रुपये गेले. काही ठिकाणी तारखा भरताना घोळ झाला असेलही, पण ते ठरवायला कुणीतरी केस उघडून बघायला हवी ना?

मात्र केस उघडणं म्हणजे फक्त कागद उघडणं असेल तर ते ऑडिट भलत्याच माणसाला पकडतं. टीपीएतला माझा सगळ्यात कडवट अनुभव हाच. ज्याला खोटं बिल लावायचंय त्याची फाइल नेहमी चकाचक असते. ओटी नोट्स (ऑपरेशनच्या नोंदी) टाइप केलेल्या, इम्प्लांटचं (हाडात बसवलेल्या प्लेट-स्क्रूचं) स्टिकर सरळ चिकटवलेलं, सह्या जागच्या जागी. आणि रात्री दोनला आलेलं फ्रॅक्चर पहाटेपर्यंत बसवणाऱ्या प्रामाणिक सर्जनच्या फाइलमध्ये ऑपरेशननंतरच्या एक्स-रेवर तारीख नसते, भूलतज्ज्ञाची सही राहिलेली असते. चेकलिस्ट घेऊन बसलेला माणूस या प्रामाणिक सर्जनचेच पैसे कापणार. मीही कापलेत. नियमच तसा होता.

अहमदाबादच्या ख्याती हॉस्पिटलचं २०२४च्या नोव्हेंबरमधलं प्रकरण आठवा. मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात शिबिर घेतलं, तिथून आणलेल्या १९ जणांची अँजिओग्राफी केली, ७ जणांना स्टेंट घातले. दोघं दगावले, मग बोंब झाली. एकच गाव, एकच शिबिर, पाठोपाठ इतक्या अँजिओग्राफी: असली गोष्ट एकेक फाइल चाळून दिसत नाही, पण आकडे शेजारी शेजारी ठेवले की लगेच दिसते. चोर शोधायचा तर आकड्यांत शोधावा आणि मग रुग्णाच्या घरी जावं. सही राहिली म्हणून पैसे कापणं हे चोर शोधणं नव्हे.

तुमच्या नोटिशीत तीन गोष्टींची खिचडी झालेली दिसते. एक, कागदातली उणीव: ऑपरेशन झालंय, पुरावा अपुरा. दोन, वैद्यकीय मतभेद: मनगटाजवळच्या या फ्रॅक्चरला प्लेट लागली, की प्लास्टरवर भागलं असतं? तीन, लबाडी: ऑपरेशन झालंच नाही, किंवा गरज नसताना केलं. पहिलीला मुदत आणि समज द्यावी. दुसरीवर त्याच विषयाच्या सर्जनने मत द्यावं. (ऑर्थोच्या केसवर भलत्याच शाखेच्या डॉक्टरचा शेरा मी वाचलाय. हसावं की रडावं कळेना.) तिसरीत वसुलीवर भागवू नये, योजनेतून काढावं आणि गुन्हा नोंदवावा. तिन्हींना एकच टक्का लावला की लबाड माणूस तो धंद्याचा खर्च समजून भरतो आणि तुमच्यासारखा योजनाच सोडतो. मग तालुक्यातला पेशंट जातो कुठे, हे नोटीस काढणाऱ्याला कुणी विचारत नाही.

हे दुखणं आपल्याकडेच आहे असं नाही. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात डॉक्टरांची बिलं सरकारी विमा भरतो, आणि त्यांची छाननी पूर्वी मेडिकल रिव्ह्यू कमिटी करायची. पद्धत तुमच्या नोटिशीसारखीच: निवडक नोंदी तपासायच्या आणि त्यावरून मोठ्या काळाची वसुली ठरवायची. २००३ मध्ये वेलंड इथल्या एका बालरोगतज्ज्ञांनी अशा ऑडिटनंतर आत्महत्या केली. डॉक्टर खवळले, सरकारला ऑडिट थांबवावं लागलं आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पीटर कोरी यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. त्यांचा २००५चा अहवाल त्या पद्धतीवर चांगलाच कडक होता: डॉक्टरांवर आणि त्यांच्या घरच्यांवर तिचा परिणाम उद्ध्वस्त करणारा झाला, ती बदलाच. पुढे कायदा बदलला आणि आधी समजावणं, मग सुनावणी, असा क्रम आला.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील, आणि डॉक्टर मंडळी ती अर्धीच सांगतात. २०१६ मध्ये त्याच प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी डॉक्टरांच्या बिलांवर अहवाल दिला. त्यात नेमकी उलटी तक्रार: आता देखरेखच तोकडी पडते, चुकीची बिलं दिसूनही पैसे नीट वसूल होत नाहीत. भीती काढून टाकली, त्याबरोबर तपासणीही ढिली पडली. म्हणून ‘बंद करा’ या मागणीला माझी सही नाही.

आता तुमचा खरा मुद्दा: थोड्या केसेसवरून सगळ्यांची वसुली. संख्याशास्त्र म्हणून ही पद्धत खोटी नाही, पण तिला अटी हव्यात. अमेरिकेत मेडिकेअरच्या (मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याच्या) कायद्यात २००३ पासून त्या आहेत. चुकांचं प्रमाण मोठं किंवा सततचं असल्याशिवाय, नाहीतर आधी समजावून सांगूनही सुधारणा झाली नाही असं नोंदीवर असल्याशिवाय, ऑडिट करणाऱ्या कंत्राटदाराला असा हिशेब लावता येत नाही. लावलाच तर सहसा मधला अंदाज धरत नाहीत. अंदाजाची खालची मर्यादा धरतात, म्हणजे नमुना लहान असेल तर संशयाचा फायदा आपोआप डॉक्टरला. तिथल्या रिकव्हरी ऑडिट कंत्राटदारांना (चुकीची बिलं शोधणाऱ्या खासगी कंपन्यांना) वसुलीच्या टक्केवारीवर पैसे मिळतात, हे मला आवडत नाही. पण दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत: अपिलात निर्णय फिरला तर घेतलेला टक्का परत द्यावा लागतो, आणि डॉक्टरला कमी दिलेले पैसे शोधून काढले तरी टक्का मिळतो. आपल्याकडे ऑडिटनंतर हॉस्पिटलला पैसे वाढवून मिळालेले मी तरी पाहिले नाहीत. आणि घाईत चुकून कमी दराचं पॅकेज (उपचाराचा योजनेत ठरलेला दर) टाकलेल्या केसेस काय कमी असतात?

बदल काय करावेत याची लांब यादी देत नाही. मला एकच बदल करायला दिला तर मी हा करीन: क्लेम नाकारणारा आणि त्यावरचं अपील ऐकणारा एकाच साखळीतला नसावा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत पैसे पुढच्या क्लेममधून परस्पर वळते करू नयेत. तीस खाटांच्या हॉस्पिटलात दोन महिन्यांचे क्लेम अडकले की सिस्टरचे पगार थांबतात. मग अपील जिंकूनही डॉक्टर हरलेलाच असतो.

आता नोटिशीचं. घाबरून तडजोड करू नका आणि फोनवर बोलू नका, सगळं लेखी. पहिल्या पत्रात तीन गोष्टी मागा: तपासलेल्या केसेसची केसनिहाय यादी आणि प्रत्येकीपुढे कारण, त्या केसेस कशा निवडल्या याचा खुलासा, आणि समक्ष सुनावणी. त्याच पत्रात लिहा की सुनावणीपर्यंत वळती करू नये. मग यादीतल्या प्रत्येक केसला वेगळं उत्तर द्या. जिथे खरोखर चूक आहे तिथे सरळ मान्य करा, बाकीच्या उत्तरांचं वजन त्याने वाढतं. ऑपरेशन झाल्याचा पुरावा फक्त केसपेपरवर नसतो. ओटी रजिस्टर, इम्प्लांटचं खरेदी बिल, एक्स-रे मशीनमधली मूळ प्रत आणि फॉलोअपच्या नोंदी काढा. राहिलेल्या सह्या आता मागच्या तारखेने अजिबात करू नका. कागदाची उणीव तिथेच लबाडी ठरते आणि मग तुमच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही. दाद मिळाली नाही तर जिल्हा तक्रार निवारण समितीकडे जा.

यादी हातात आली की रुग्णांची नावं झाकून इथे टाका. कोणत्या केसवर भांडायचं आणि कोणती सोडून द्यायची, ते बघून सांगतो.