मायकेल जॅक्सनची कारकीर्द एकाच गाण्यात सांगायची तर ‘थ्रिलर’ की ‘बिली जीन’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्र ‘थ्रिलर’वर अडून बसलाय, बहीण ‘मॅन इन द मिरर’ म्हणते, तुमचा कौल ‘बिली जीन’ला आहे, पण का ते सांगायची वेळ आली की मुद्दा सुचत नाही. माझंही उत्तर ‘बिली जीन’च आहे. मुद्दे देतो, आणि वादात पाय कुठे घसरतो तेही सांगतो.

आधी चार्ट आणि खप बाजूला ठेवा. ‘थ्रिलर’ अल्बम १९८२च्या नोव्हेंबरअखेर आला. त्यातली सात गाणी सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, म्हणून निघाली आणि सातही अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या दहात पोचली. त्यांत ‘बिली जीन’ सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, ‘बीट इट’ तीन आठवडे, आणि शीर्षकगीत असलेलं ‘थ्रिलर’ चौथ्याच्या वर गेलंच नाही. मित्राला हे ऐकून धक्का बसेल, पण एवढ्यावर बाजी मारली असं समजू नका. १९९१चं ‘ब्लॅक ऑर व्हाइट’सुद्धा सात आठवडे पहिलं होतं, आणि ते त्याचं कारकीर्द ठरवणारं गाणं आहे असं म्हणणारे फारच थोडे. आकड्यांवरून गाणं किती चाललं ते कळतं. तुमचा प्रश्न निराळा आहे.

माझी कसोटी साधी आहे. ते गाणं कारकिर्दीतून उचलून बाजूला ठेवा आणि काय काय कोसळतं ते बघा.

‘थ्रिलर’ उचललं तर एक अप्रतिम लघुपट जातो. डिसेंबर १९८३मध्ये आलेला, जॉन लँडिसने दिग्दर्शित केलेला, जवळजवळ चौदा मिनिटांचा. म्युझिक व्हिडिओ म्हणजे काय याची व्याख्याच त्याने बदलली, हे शंभर टक्के मान्य. पण तो आला तेव्हा जॅक्सन आधीच शिखरावर होता. शिवाय शब्द आणि चाल रॉड टेम्पर्टनची. ‘रॉक विथ यू’ आणि ‘ऑफ द वॉल’ ही आधीच्या अल्बममधली गाणीही त्याचीच. शेवटचं ते भीतिदायक निवेदन व्हिन्सेंट प्राइसच्या आवाजात आहे. मित्राला सांगा, डोळे मिटून फक्त गाणं ऐक. उत्तम ठेक्याचं, नाचायला लावणारं गाणं आहे, पण डोळ्यांसमोर येतात ती मढी आणि तो लाल जॅकेट. म्हणजे आठवण चित्राची असते.

बहिणीचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो उडवून लावू नका. गाणारा म्हणून जॅक्सन ‘मॅन इन द मिरर’मध्ये जिथे पोचतो तिथे फार थोडे पोचतात. मागे कोरस चढत जातो आणि शेवटच्या मिनिटात त्याचा आवाज शब्द सोडून नुसत्या हुंकारांवर येतो, तो भाग तर पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखा. पण ते सीडा गॅरेट आणि ग्लेन बॅलार्ड यांनी लिहिलं, आणि १९८७च्या ‘बॅड’ अल्बममधलं आहे. ते काढलं तर कारकीर्द गरीब होते, पण मोडत नाही.

आता ‘बिली जीन’. शब्द त्याचे, चाल त्याची. १९८१चा घरगुती डेमो, म्हणजे कच्चं ध्वनिमुद्रण, पुढे अल्बमच्या विशेष आवृत्तीत प्रसिद्ध झाला, तो जरूर शोधा. त्यात शब्द अर्धवट आहेत, बऱ्याच ओळी तो नुसताच पुटपुटतो, पण ठेका, बास आणि त्यावरचे सूर जागच्या जागी आहेत. निर्माता क्विन्सी जोन्सच्या हाती पडण्याआधीच गाण्याचा सांगाडा तयार होता. ‘सगळं क्विन्सीने केलं’ असं कोणी म्हणालं तर हा डेमो लावा.

हा सांगाडा इतका साधा आहे की हार्मोनियमवर वाजवून बघता येतो. काळी तीनचा सा धरा. बासची ओळ आठ सुरांची: सा, मग खाली मंद्रातला पंचम, कोमल निषाद, परत सा, कोमल निषाद, पंचम, मध्यम, पंचम. सा सोडला तर सगळे सूर मंद्रातले. आठही सूर सारख्याच लांबीचे, मध्ये एकही जागा रिकामी नाही. केरव्याच्या एका आवर्तनात ही ओळ बरोबर बसते. ड्रमही त्याच आठ मात्रांवर मोजा: पायाचा ड्रम १ आणि ५ वर, स्नेअर (काठीने वाजवायचा, कडक आवाजाचा छोटा ड्रम) ३ आणि ७ वर, हाय-हॅट (झांजांची जोडी) आठही मात्रांवर. लय मिनिटाला साधारण ११७ ठोके, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या पावलांची. वाजवताना हमखास चूक होते ती इथेच. आपण सवयीने शेवटच्या मात्रेवर एखादी हरकत घेतो किंवा एखादा सूर लांबवतो, आणि मग ते गाणं राहत नाही. या ओळीची सगळी ताकद न थांबण्यात आहे. गाण्याचा विषयही तोच: एक बाई म्हणते मूल तुझं आहे, तो म्हणतो नाही, आणि आरोप काही केल्या पाठ सोडत नाही. वर सिंथेसायझरचे कॉर्ड चढतात, उतरतात. खाली बास मात्र थांबत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये घेतलेले कष्ट कानाला कळतात. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीनने ड्रमसाठी खास लाकडी व्यासपीठ बनवून घेतलं, पायाच्या ड्रमवर झाकण चढवलं, आणि स्नेअरचा आवाज हाय-हॅटच्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून दोघांमध्ये लाकडी फळी लावली. प्रत्येक ठोका सुटा आणि कोरडा ऐकू येतो तो त्यामुळे. ड्रमवर लिऑन ‘एन्डुगु’ चान्सलर, बासवर लुई जॉन्सन. मागचे काही आवाज जॅक्सनने पुठ्ठ्याच्या लांब नळीतून गाऊन दिले. मिक्सची, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेल्या प्रतींची, संख्या ९१पर्यंत गेली आणि शेवटी घेतला तो दुसरा! मिक्सिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं, कारण सुधारता सुधारता पहिला जोम कधी निघून जातो ते कळतच नाही.

गाण्याच्या सुरुवातीवरूनही एक वाद झाला होता. आवाज येतो तो जवळजवळ २९व्या सेकंदाला. आधी नुसता ड्रम, मग बास, मग कॉर्ड. जोन्सला ही सुरुवात फार लांब वाटत होती, ती कापावी असं त्याचं म्हणणं होतं. जॅक्सनने ऐकलं नाही. तेवढ्या भागानेच आपल्याला नाचावंसं वाटतं, असं त्याचं सांगणं होतं. तो बरोबर होता, आणि ते कधी कळलं तर पुढच्याच वर्षी, रंगमंचावर.

मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या २५ वर्षांचा सोहळा २५ मार्च १९८३ला पॅसाडिनामध्ये चित्रित झाला आणि १६ मे रोजी अमेरिकेत एनबीसीवर दाखवला गेला. भावांबरोबर जुनी गाणी झाली, भाऊ आत गेले आणि तो एकटा उरला. मोटाउनच्या त्या कार्यक्रमात मोटाउनचं नसलेलं हे एकच गाणं होतं, आणि एकट्याने स्वतःचं गाणं करता येणार असेल तरच येतो, ही त्याची अट होती. आवाज रेकॉर्डवरचा होता, तो ओठ हलवत होता. पण काळी टोपी, एका हातात चकाकणारा हातमोजा, आखूड पँट, पांढरे पायमोजे आणि मूनवॉक (पुढे चालल्यासारखं दिसत मागे सरकणं), हे सगळं जगाने एकत्र पाहिलं ते त्या काही मिनिटांत. पुढे आयुष्यभर जगाने त्याला ज्या रूपात ओळखलं, ते या गाण्याबरोबर जन्माला आलं. भावांच्या ‘जॅक्सन फाइव्ह’ गटातला पोरगा आणि पुढचा एकटा मायकेल यांच्यातली रेघ इथे ओढली जाते. कसोटी लागते ती इथेच: हे गाणं काढा, आणि त्या रेघेच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकमेकांना जोडता येत नाही.

इथे दोन चुका टाळा. ‘बिली जीन’च्या मूळ व्हिडिओत मूनवॉक नाही. तिथे पावलाखाली उजळणाऱ्या फरशा आहेत, मूनवॉक सोहळ्यातला. आणि मूनवॉक जॅक्सनने शोधला असंही म्हणू नका. रस्त्यावरचे नर्तक ती चाल आधीपासून करत होते, आणि शालामार गटातल्या जेफ्री डॅनियलने १९८२मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ती दाखवली होती. करून बघायचं असेल तर युक्ती वजनात आहे. एका पायाची टाच उचलून चवड्यावर उभे राहा, सगळं वजन त्याच पायावर. दुसरा पाय पूर्ण सपाट ठेवून मागे सरकवा. तो मागे पोचला की त्याची टाच उचला आणि त्याच क्षणी पहिल्याची टेकवा. नवशिक्यांचं बिघडतं ते एकाच ठिकाणी: वजन सपाट पायावर राहतं, मग तो सरकत नाही, ओढावा लागतो. पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर करा.

व्हिडिओचं आणखी एक महत्त्व आहे. एमटीव्ही १९८१च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, पण कृष्णवर्णीय कलाकारांना तिथे फारशी जागा नव्हती. १९८३मध्ये ‘बिली जीन’ तिथे वारंवार दाखवलं जाऊ लागलं आणि ते दार उघडलं.

तुमच्या बाजूवर खरा घाव कोणी घालू शकेल तर तो ‘बीट इट’वाला. तेही त्यानेच लिहिलेलं, त्याच अल्बममधलं, आणि १९८४च्या ग्रॅमीत वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्ड तेच ठरलं. ‘बिली जीन’ला आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) विभागातले दोन पुरस्कार मिळाले. उत्तर असं द्या की ‘बीट इट’चा सगळ्यात लक्षात राहणारा क्षण एडी व्हॅन हेलनच्या गिटारचा आहे. रॉक ऐकणाऱ्यांना त्याने खेचून आणलं, मोठं काम केलं, पण त्या क्षणी गाणं दुसऱ्याच्या हातात असतं.

आपल्याकडच्या वादात वयही बोलत असतं. १९९१नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा ज्यांनी पहिल्यांदा जॅक्सन पाहिला त्यांच्यासाठी तो ‘डेंजरस’ अल्बमचा जॅक्सन. ‘ब्लॅक ऑर व्हाइट’मध्ये रहदारीच्या मधोमध ओडिसी करणारी नर्तकी त्यांना लख्ख आठवते. पण १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात कार्यक्रम झाला, त्या दौऱ्यात ‘बिली जीन’ कसं सुरू व्हायचं ते बघा. तो हातात पेटी घेऊन यायचा, ती उघडायचा, आणि चकाकता शर्ट, हातमोजा आणि टोपी एकेक करून बाहेर काढायचा. हातमोजा चढवला की मैदान ओरडायला लागायचं, सुरांची वाट न बघता. दुसऱ्या कुठल्या गाण्यासाठी त्याने असं एकेक वस्तू घालून स्वतःला घडवून दाखवलं नाही.

मित्राला पटवायचं असेल तर हा क्रम ठेवा. आधी १९८१चा डेमो, मग रेकॉर्ड, चांगल्या हेडफोनवर, मग मोटाउनच्या सोहळ्याचं चित्रीकरण. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. बास ऐकूच येणार नाही आणि अर्धा मुद्दा तिथेच जाईल. आणि रेकॉर्ड लावल्यावर पहिले २९ सेकंद कोणालाही बोलू देऊ नका.