ख्रिस्त, कृष्ण आणि क्रेस्टुस

प्रश्न असा आहे: ‘ख्रिस्त हा कृष्णाचाच अपभ्रंश, म्हणजे येशू नावाचा माणूस झालाच नाही, असं वारंवार वाचायला मिळतं. व्युत्पत्ती काय सांगते?’

व्युत्पत्ती साफ नाही म्हणते. कानाला सारखं लागलं की ‘अपभ्रंश’ म्हणून मोकळं व्हायचं, याची मला चीड आहे. अपभ्रंशालाही नियम असतात. कृष्ण म्हणजे काळा. जुन्या प्रशियन या बाल्टिक समुद्राकाठच्या लुप्त भाषेत त्याचा सख्खा भाऊ ‘किर्स्नान’ सापडतो, अर्थ तोच. ग्रीक ‘ख्रिस्तोस’ आला ‘ख्रिओ’पासून, म्हणजे तेल चोळणे, माखणे. हिब्रू ‘माशिआख’चं ते सरळ भाषांतर: अभिषेक झालेला. ग्रीकातला हा ख मुळच्या घ-चा. म्हणून काही व्युत्पत्तिकार त्याला आपल्या ‘घर्षणा’च्या घरात बसवतात. कृष्णाच्या क-शी त्याचा संबंध नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या व्होल्ने या लेखकाने ही सोयरीक जुळवली, आपल्याकडे पु. ना. ओकांनी ती थेट ‘ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती’ इथपर्यंत ताणली. दोघांनीही ध्वनिनियम धाब्यावर बसवले.

ख्रिस्त हे नाव नव्हे, बिरुद आहे. येशू नावाची माणसं तेव्हा गल्लोगल्ली होती. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफस, एकट्या त्याच्या लेखनात वीसएक तरी भेटतात. म्हणूनच याकोबाला ठार मारल्याची हकिगत सांगताना जोसिफसला याकोबाची ओळख ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी द्यावी लागते.

पण खरी गंमत रोममध्ये आहे. रोमन बादशहांचा चरित्रकार सुएटोनियस लिहितो की ‘क्रेस्टुस’च्या चिथावणीने सतत दंगे करणाऱ्या यहुद्यांना क्लॉडियस बादशहाने शहराबाहेर काढलं. हा क्रेस्टुस कोणी वेगळाच दंगेखोर होता, असं काही पंडित ठासून सांगतात. मला ते मुळीच पटत नाही; तो ख्रिस्तच. ग्रीक ‘ख्रेस्तोस’ म्हणजे उपयोगी, भला. गुलामांना हे नाव सर्रास ठेवत. ‘तेल माखलेला’ हे नाव रोमकरांना निरर्थक वाटणार, त्यांनी ओळखीचं नाव ऐकलं. त्यात ग्रीक बोलीत ए आणि इ यांचे उच्चार एकमेकांत मिसळत चाललेले. पुढे टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक रोमनांना बजावतोच की तुम्ही आम्हाला चुकून ‘क्रेस्टियानुस’ म्हणता!

सर्वांत बोलका पुरावा रोमन इतिहासकार टॅसिटसचा. त्याच्या ग्रंथाची अकराव्या शतकातली हस्तलिखित प्रत फ्लॉरेन्सला आहे. तिच्यात ख्रिस्ती लोकांसाठी मूळ अक्षरं ‘क्रेस्टियानोस’ अशी होती. नंतर ए खरवडून कोणी इ केला. माझ्या मते तो ए टॅसिटसचाच. कारण त्याचं वाक्य असं चालतं: सामान्य लोक ज्यांना क्रेस्टियानी म्हणत... आणि लगेच पुढे, त्या नावाचा मूळपुरुष ‘क्रिस्टुस’, इथे मात्र इ. लोकांच्या तोंडचं चुकीचं रूप आधी देऊन तो शेजारीच खरं नाव ठेवतो, आणि त्याच वाक्यात सांगतो की तिबेरियस बादशहाच्या कारकिर्दीत रोमन सुभेदार पिलाताने या माणसाला देहदंड दिला.