ब्रेकडान्समधला ब्रेक: गाडीचा, हाडांचा की ढोलकीचा?

प्रश्न असा आला आहे: 'अमेरिकेतल्या एका जुन्या स्ट्रीट डान्सरच्या आठवणी ऐकत होतो. हिप हॉपच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल तो भरभरून बोलतो, पण स्वतःला ब्रेकडान्सर म्हणून घेत नाही, बी-बॉय म्हणतो. समोरच्याने ब्रेकडान्स म्हटलं की वैतागतो. असं का? बी-बॉयमधला बी कसला? आणि मराठीत नेमकं काय लिहावं?'

वैतागतो ते योग्यच आहे. मीही वैतागतो, फक्त माझी कारणं घरगुती आहेत. आपल्याकडे गाडीचा ब्रेक, जाहिरातींसाठी घेतलेला ब्रेक आणि नाचातला ब्रेक हे तिन्ही लिहायचे एकाच तऱ्हेने. इंग्रजीत गाडीच्या ब्रेकचं स्पेलिंग निराळं आहे, देवनागरीत तो फरक दिसतच नाही. मग गॅदरिंगचा निवेदक माइक हातात घेऊन ठोकून देतो की ही मुलं नाचता नाचता ब्रेक मारल्यासारखी थांबतात, म्हणून ब्रेकडान्स. त्याहून शहाणा असेल तो म्हणतो, हाडं मोडल्यासारखं अंग वळवतात म्हणून. या दुसऱ्या समजावर विसंबून कुणीतरी 'मोडनृत्य' असा प्रतिशब्दही सुचवलेला मी वाचला आहे. वाचून दाढ दुखायला लागली.

या ब्रेकचा हाडांशी काही संबंध नाही. हा ब्रेक तबकडीवरचा आहे. फंक किंवा सोल संगीताच्या रेकॉर्डवर मध्येच एक जागा येते, तिथे गाणारा गप्प होतो, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले बाजूला होतात आणि उरतो फक्त ताल: ड्रम, काँगा, फार तर बेस गिटार. या जागेचं नाव ब्रेक. नाव सत्तरच्या दशकातलं नाही, जॅझवाल्यांचं आहे. जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्ससमोर बसून जॅझच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, त्यात ब्रेक असल्याशिवाय जॅझ होतच नाही असा त्याचा ठाम आग्रह आहे. टॅप डान्सवाल्यांकडेही ब्रेक आहे. त्यांच्या टाइम स्टेपमध्ये एकच पदन्यास सहा मात्राखंड घोटायचा आणि उरलेल्या दोन खंडांत तो मोडून वेगळं काही करायचं, ते दोन खंड म्हणजे ब्रेक.

आता ब्रॉन्क्स. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्क, १५२० सेजविक अव्हेन्यू. इमारतीच्या सामायिक दालनात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होणार, नवे कपडे घ्यायचे, त्यासाठी पैसे हवेत. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट प्रवेश. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकाच्या किंग्स्टनमधून लहानपणी आलेला, पुढे जगभर डीजे कूल हर्क म्हणून गाजलेला. त्याने एक गोष्ट हेरली होती. पोरं गाणंभर भिंतीला टेकून उभी राहायची आणि ब्रेक आला की मैदानात उतरायची. ब्रेक काही सेकंदांचा. तो संपला, गाणारा परत आला, की पोरं पुन्हा भिंतीला.

हर्कने काय केलं, तर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, तेवढ्यात पहिलीची सुई उचलून मागे आणायची. काही सेकंदांचा ब्रेक हवा तेवढा लांबला. फंक गायक जेम्स ब्राउनच्या ब्रेकमधून इन्क्रेडिबल बाँगो बँडच्या ब्रेकमध्ये उडी, तिथून तिसऱ्यात. त्या ब्रेकवर नाचणारा तो ब्रेक-बॉय, म्हणजे बी-बॉय. मुलगी असेल तर बी-गर्ल. झालं तुमच्या बीचं उत्तर.

आणि या युक्तीला हर्कने नाव काय दिलं? 'मेरी-गो-राउंड'. म्हणजे जत्रेतला चक्रीपाळणा! आता गंमत बघा. आपल्या जत्रेत कपबशांसारख्या खुर्च्या गरागरा फिरवणारा जो पाळणा येतो, ज्यातून उतरल्यावर पोटातली भेळ वर येते, त्याच्या तिकीटखिडकीवर काय रंगवलेलं असतं? 'ब्रेक डान्स'. तिकडे ब्रेक फिरवण्याला पाळण्याचं नाव, इकडे पाळण्याला ब्रेकचं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे, तरी प्रत्येक जत्रेत ती पाटी दिसली की मी खूश होतो.

बीची आणखी अनेक विवरणं फिरतात: बीट-बॉय, ब्रॉन्क्स-बॉय, बॅड-बॉय. माझ्या मते ही सगळी मागाहून सुचलेली. एक पर्याय मात्र सहज झटकता येत नाही, कारण तो खुद्द हर्कचा आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळच्या गल्लीतल्या बोलीत 'ब्रेक' होणं म्हणजे माणसाचा बांध फुटणं, भान हरपून उसळणं. रागाने असो की आनंदाने. आपण म्हणतो ना, 'पोरगं सुटलंय!' अगदी तेच. नाचात सुटला, बोलण्यात सुटला, ढोल वाजायला लागला आणि सुटला. या अर्थाने बी-बॉय म्हणजे सुटलेला पोरगा. कोशवाले दोन अर्थांपैकी एक खरा आणि एक खोटा ठरवण्याच्या मागे लागतात. गल्लीतले शब्द असे एकबापी नसतात. पोरं ब्रेकवर सुटत होती, दोन्ही अर्थ एकाच फरशीवर एकाच वेळी नाचत होते.

आता माझा आवडता मुद्दा. ब्रेक ही चीज आपल्याला परकी नाही. ठुमरी ऐकता ना? शेवटाकडे गायिका एक ओळ धरून बसते, तीच ती परत परत, आणि तबलजी दुगुनीत मोकाट सुटतो. ती लग्गी. कथकमध्ये ठुमरीवर भाव करणारी नर्तकी इतका वेळ डोळ्यांनी आणि हातांनी बोलत असते, ती लग्गी लागताच पायांवर येते. लावणीत तर हे आणखी उघड आहे. गाणारी कडवं संपवून थांबते, ढोलकीवाला पुढे सरसावतो आणि घुंगरांची त्याच्याशी जुंपते. शिट्ट्या केव्हा पडतात? तेव्हाच. शब्दांना दाद मिळते, पण फेटे उडतात ते ढोलकीवर. १९६७ च्या 'कोल्ड स्वेट' या गाण्यात जेम्स ब्राउन ड्रमरला वाव द्या असं ओरडतो आणि त्याचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड एकटा वाजवायला लागतो. तमाशाच्या बोर्डावर हे दृश्य कुणालाही अनोळखी वाटणार नाही. फरक आहे तो असा की लग्गीत गाण्याची ओळ मागे चालू असते, ब्रेकमध्ये ती पार नाहीशी होते. आणि आपला ढोलकीवाला समोर बसलेला असतो, त्याला 'आणखी' म्हणता येतं. ब्रॉन्क्सच्या पोरांचा ड्रमर तबकडीत बंद होता, त्याला 'आणखी' म्हणायची सोय नव्हती. ती सोय हर्कने केली. सगळं हिप हॉप संगीत या एका सोयीतून निघालं आहे, असं मी म्हणतो आणि म्हणत राहीन.

अर्थाने लग्गी, तर शब्दाने तोडा. कथकमधला तोडा तोडण्यावरूनच आला असं माझं मत आहे. सलग लयीतून तोडून काढलेला, समेवर येणारा तुकडा. 'तुकडा' हे त्याचं जुळं नाव बघितलं तरी विचार कळतो. यावर एका व्याकरणाचार्यांनी मला सुनावलं होतं की हा तोडा म्हणजे पायातला दागिना, घुंगरांशेजारी तोडे घालत म्हणून. छान. मग तुकडा कुठल्या पायात घालायचा ते त्यांनी सांगितलेलं नाही. आणखी एक पंथ आहे तो इंग्रजी ब्रेक आणि संस्कृत भञ्ज् यांची सोयरीक जुळवून थेट अभंगापर्यंत पोचतो: 'ज्याला ब्रेक नाही तो अभंग'. टाळ्यांचं वाक्य आहे, व्याख्यानात खपेल. पण भाषाशास्त्रज्ञ या दोन्हींचे मूळ धातू वेगळे धरतात, भञ्ज्च्या मुळात र नाही. आणि अभंगाच्या भजनात पखवाजवाला किती वेळा सुटतो ते एकदा वारीत जाऊन ऐकावं.

कुठे होतो? हां, तुमचा तो डान्सर का वैतागतो.

कारण ब्रेकडान्स हे नाव बाहेरून चिकटलं. नाचणारे 'ब्रेकिंग' म्हणत, 'रॉकिंग' म्हणत, नुसतं 'बी-बॉइंग' म्हणत. सुरुवातीचा नाच उभ्याउभ्याच जास्त होता. आजच्या टॉपरॉकचं, म्हणजे उभ्याने करायच्या पदन्यासांचं, मूळ त्यात आहे. मधूनच एखादा खाली गेला, हात टेकून पाय फिरवले, उठला. डोक्यावर भिंगरी वगैरे नंतरचं. सत्तरचं दशक संपता संपता पहिल्या फळीतले बहुतेक कृष्णवर्णीय नर्तक यातून बाहेर पडले होते, जुनी झाली ती फॅशन असं म्हणून, आणि पोर्तो रिकन पोरांनी ती उचलली. १९७७ साली ब्रॉन्क्समध्ये सुरू झालेला रॉक स्टेडी क्रू हा नाचणाऱ्यांचा गट पुढे क्रेझी लेग्ज आणि केन स्विफ्ट या बी-बॉयच्या काळात नावारूपाला आला. एप्रिल १९८१ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात सॅली बेन्स यांचा लेख आला, मार्था कूपर यांच्या फोटोंसह. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंकुलाबाहेर रॉक स्टेडी आणि डायनॅमिक रॉकर्स या दोन गटांचा सामना झाला. मग कॅमेरे आले, आणि कॅमेऱ्यामागून नाव आलं.

या नावाने खरा घोळ घातला तो १९८४ मध्ये. 'ब्रेकिन' नावाचा सिनेमा आला, ब्रिटनमध्ये तर त्याचं नावच 'ब्रेकडान्स' ठेवलं. त्यातले नायक कॅलिफोर्नियाचे, शाबा-डू लॉकिंगचा मोहरा आणि बूगालू श्रिम्प पॉपिंगचा. दोन्ही नाच पश्चिम किनाऱ्याचे. लॉकिंग लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचं, हात मध्येच अडकवून थांबण्याचं. पॉपिंग फ्रेझ्नोच्या बूगालू सॅमचं, स्नायू झटकताना तो स्वतःशीच 'पॉप, पॉप' पुटपुटायचा त्यावरून. यांचा ब्रॉन्क्सच्या ब्रेकशी जन्माचा संबंध नाही. पण पाटी ब्रेकची लागली, आणि जगभरच्या पोरांनी यंत्रमानवासारखे हात हलवले, अंगातून लाट काढली की ते झालं 'ब्रेक'. मायकेल जॅक्सनने १९८३ मध्ये दाखवलेला मूनवॉक घ्या, तो पॉपिंगवाल्यांचा बॅकस्लाइड. आपल्याकडे तोही ब्रेक. १९८५ च्या 'मेरी जंग'मध्ये जावेद जाफरी नाचला आणि गावोगावच्या गणपती मंडळांपुढे पोरं गुडघे वाकवून तेच करायला लागली, नाव अर्थात ब्रेकडान्स. त्या पोरांना दोष नाही. त्यांना नाव जसं मिळालं तसं त्यांनी घेतलं. दोष आज सगळं हाताशी असताना परीक्षकाच्या खुर्चीत बसून पॉपिंगला ब्रेकडान्स म्हणणाऱ्यांचा.

तेव्हा तुमच्या डान्सरचा राग दुहेरी आहे. नाव दुसऱ्याने ठेवलं, आणि त्या नावाखाली त्याचा नाच सोडून भलतेच नाच खपवले.

मराठीत काय लिहावं? नाचाला 'ब्रेकिंग' लिहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही अधिकृत नाव तेच होतं. ब्रेकिंग न्यूजशी गल्लत होईल अशी भीती वाटत असेल तर 'ब्रेकिंग नाच' म्हणा, कुणी अडवत नाही. नाचणाऱ्याला बी-बॉय आणि बी-गर्ल, मध्ये संयोगचिन्ह देऊन. 'बीबॉय' असं सलग लिहिलं की बीबीचा कुणी भाऊ वाटतो. अनेकवचन 'बी-बॉय'च ठेवा, 'बी-बॉईज' नको, मराठीत दोन बॉल आणि तीन बॉल असतात तसं. ऐंशीच्या दशकातल्या आपल्याकडच्या नाचाबद्दल लिहीत असाल तर मात्र खुशाल 'ब्रेकडान्स' लिहा, कारण तेव्हा इथे त्याला तेच म्हणत होते. आणि ढोलकीवर सुटलेल्या कुणाबद्दल लिहीत असाल तर 'लग्गी' शब्द वापरून बघा. संपादक कापेल, पुन्हा घाला.