व्हिडिओ न बघता येणाऱ्या मुलांचं काय करू?

प्रश्न : मी विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवतो. वर्गात ५५ मुलं आहेत. या सत्रात फ्लिप्ड क्लासरूम सुरू केली. व्याकरणाचा व्हिडिओ आदल्या दिवशी पाठवतो, तासाला सराव घेतो. पण निम्मी मुलं काहीच न बघता येतात. शेवटी तोच धडा फळ्यावर शिकवावा लागतो आणि बघून आलेली मुलं कंटाळतात. हा प्रयोग सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नका. फळ्यावर पुन्हा शिकवणं मात्र उद्यापासून बंद करा. आपण न बघता गेलो तरी सर सांगतातच, हे मुलांना दोन आठवड्यांत कळतं. मग बघून येणारेही बघायचं सोडतात. माझं पहिलं सत्र असंच वाया गेलं, म्हणून इतकं ठामपणे सांगतेय.

आता माझ्या तासाला प्रत्येकाने दारातच एक चिठ्ठी द्यायची. त्यावर व्हिडिओतला नियम वापरून स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य आणि न कळलेली एक गोष्ट. गुण नाहीत. चिठ्ठी नसेल त्याने मागच्या बाकावर इअरफोन लावून आधी व्हिडिओ बघायचा, मग गटात यायचं. रागवायचं नाही, टोमणाही मारायचा नाही. पुढे सगळे बोलत असताना मागे एकटं बसणं मुलांना नको असतं. चिठ्ठ्या मी तिथेच चाळते. दहा-बाराजणांचं एकाच ठिकाणी अडलं असेल तर पाच मिनिटं तेवढंच सांगते.

तुमचे व्हिडिओ किती लांब आहेत? माझे सुरुवातीला ४० मिनिटांचे होते, म्हणजे अख्खं व्याख्यानच. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांचे व्हिडिओ लोक कसे बघतात, याची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिडिओ कितीही मोठा असो, बघणारे साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. तेव्हापासून माझा एक व्हिडिओ म्हणजे एक नियम. आणि व्हिडिओच हवा असंही नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९० च्या दशकातच विद्यार्थ्यांना धडा वाचून यायला सांगत आणि तास प्रश्नांना आणि आपसातल्या चर्चेला देत. ज्यांच्याकडे इंटरनेट धड चालत नाही त्यांना मी दोन छापील पानं देते.

पण तुमच्या पत्रात मला खटकला तो ‘सराव’ हा शब्द. सराव म्हणजे रिकाम्या जागा भरणं असेल, तर ते घरीही होतं. समोर माणूस असल्याशिवाय होत नाही ते बोलणं, आणि आपला सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे.

प्रेझेंट परफेक्टच्या तासाला मी जोड्या लावते. फोनमधला एक फोटो जोडीदाराला दाखवायचा. त्याने ‘हॅव यू एव्हर’ने सुरुवात करायची, उत्तर ‘येस’ आलं की ‘व्हेन डिड यू’वर जायचं. काळ का बदलतो हे मुलांना या वळणावर जाणवतं. एकदा सत्रभर गप्प बसलेली एक मुलगी डोंगरावरचा फोटो दाखवून म्हणाली, “आय हॅव गॉन देअर लास्ट इयर.” जोडीदार पटकन म्हणाला, “लास्ट इयर ना? मग वेंट!” तिने वाक्य पुन्हा म्हटलं, बरोबर म्हटलं, आणि पुढची दहा मिनिटं त्या डोंगराबद्दल बोलत राहिली. मी दोन बाकांच्या अंतरावर उभी होते, मध्ये पडले नाही. ही चूक मी फळ्यावर कितीतरी वेळा लाल खडूने खोडली होती.

५५ मुलं म्हणजे २७ जोड्या, त्यांतली एक तिघांची. गलका होईल, होऊ द्या. शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्यांना फक्त आधी कल्पना देऊन ठेवा.