मालीश केली की दूध वाढतं का?

बाळंतिणीच्या छातीला मालीश केली की दूध वाढतं का, हे मला बाळंतिणीपेक्षा तिची आईच जास्त वेळा विचारते. या घरातही तसंच झालं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगी पहिलटकरीण, सिझर झालेलं, सासर तासगावकडं, बाळंतपणाला माहेरी सांगलीत. बाळ नऊ दिवसांचं. "मॅडम, दूधच उतरंना झालंय हिला. आळीव झालं, डिंकाचे लाडू झाले, मालीशवाल्या मावशी रोज छाती रगडून देतात. तरी पोरगं रडतंयच." मुलगी गप्प. तपासायला घेतलं तर उजव्या बाजूला बोटांचे निळसर वळ.

मावशी 'गाठी मोडत' होत्या. ते आधी थांबवलं. छाती दाटते तेव्हा आत सूज असते, त्यावर जोर लावला की सूज वाढते आणि दूध आणखी अडतं. तिथं हात अगदी हलका हवा, पाजून झाल्यावर थंड फडकं ठेवावं.

दूध बनतं प्रोलॅक्टिन या हार्मोनमुळं आणि बाहेर येतं ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळं. बाळ ओढेल, छाती रिकामी होईल, तसं नवं दूध बनतं. या घरात रात्री मुलीला झोप मिळावी म्हणून आजी बाटलीनं वरचं दूध पाजत होती. माया खरी, पण प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं, आणि नेमकं तेव्हाच छातीवर पाजणं चुकत होतं.

दुखणं आणि धास्तीनं ऑक्सिटोसिन अडतं, त्यामुळं दूध असूनही पान्हा लवकर फुटत नाही. मालीशचा उपयोग इथं होतो, पण ती पाठीला. मुलीला खुर्चीत बसवून समोरच्या टेबलावर हातांची घडी, त्यावर डोकं टेकवायला लावलं. आईच्या मुठी वळवून अंगठे पुढं काढले. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेपासून खांद्याच्या फऱ्यांपर्यंत, अंगठ्यांनी छोटे गोल फिरवत खाली यायचं. मणक्यावर दाब नाही. दोन-तीन मिनिटं पुरे. थोड्या वेळानं गाऊनवर ओल दिसली तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली, "आई, येतंय गं."

मग बाळाची पकड सुधारली. ते नुसतं बोंडीच धरत होतं. तोंड मोठं उघडून काळा भागही आत, हनुवटी छातीला टेकलेली, असं लावलं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. वरचं दूध एकदम तोडलं नाही. बालरोगतज्ज्ञांकडं वजन बघत बघत कमी केलं. चोवीस तासांत सहा तरी वेळा शू आणि वाढतं वजन, मोजायचं ते हे. रडणं नव्हे, बाळ शंभर कारणांनी रडतं. छाती लाल होऊन ताप आला तर मात्र घरी थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

आळिवाला माझी ना नाही. बाळंतिणीनं पोटभर खाल्लंच पाहिजे.

निघताना आईनं हळूच विचारलं, "पाठ जावयांनी चोळली तर चालंल का?" चालेल की! फक्त त्यांना शिकवायची आईला लाज वाटली, ते काम मुलीनंच केलं.